घरट्यावर हजारो डोळे

जून १९५८. स्कॉटलंडच्या स्ट्रॅथस्पे खोऱ्यात लॉख गार्टन या तळ्याजवळ एका पाइनच्या शेंड्यावर ऑस्प्रे या शिकारी पक्ष्याचं घरटं होतं, आणि खाली आरएसपीबी या पक्षिसंरक्षण संस्थेची माणसं रात्रंदिवस पाळीपाळीने पहारा देत होती. एवढा बंदोबस्त असूनही एका रात्री काळोखाचा फायदा घेऊन चोर झाडावर चढलाच. आरडाओरडा झाला, पाठलाग झाला, चोर निसटला. पळताना अंडी त्याच्या हातून पडून फुटली. नंतर घरट्यात पाहिलं तर दोन अंडी होती: कोंबडीची, बुटाचं तपकिरी पॉलिश फासलेली. पहारेकऱ्यांना आणि पक्ष्यांना फसवण्यासाठी चोराने ती आधीच तयार करून आणली होती.

एका पक्ष्याच्या अंड्यांसाठी माणूस एवढा खटाटोप करतो यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये पक्ष्यांची अंडी आणि पेंढा भरलेले पक्षी काचेच्या पेटीत मांडून ठेवणं हा सुखवस्तू लोकांचा छंद होता. पक्षी जितका दुर्मीळ, तितकी त्याच्या अंड्याची किंमत जास्त. त्यात मासे पाळणाऱ्या जमीनदारांनाही हा मासेखाऊ शिकारी पक्षी नको होता. इंग्लंडमधून ऑस्प्रेची घरटी १८४० च्या दशकातच नाहीशी झाली. स्कॉटलंडमध्ये शेवटची जोडी १९१६ मध्ये दिसली. त्यानंतर जवळपास चार दशकं ब्रिटनमध्ये ऑस्प्रे म्हणजे स्थलांतराच्या वाटेवर क्वचित दिसणारा प्रवासी, एवढंच उरलं. १९५४ च्या सुमारास, बहुधा स्कँडिनेव्हियाकडून आलेली एक जोडी लॉख गार्टनच्या परिसरात थांबली. तिच्या घरट्याची जागा संस्थेने गुप्त ठेवली, पण अंडीचोरांना ती कळायची ती कळलीच.

चोरीनंतर आरएसपीबीच्या स्कॉटलंड शाखेचे प्रमुख जॉर्ज वॉटरस्टन यांनी जो निर्णय घेतला, तो मला या सगळ्या कथेतला सर्वांत धाडसी वाटतो. १९५९ मध्ये जोडी परत आली तेव्हा त्यांनी घरट्याचा पत्ताच जगजाहीर केला. थोड्या अंतरावर आडोसा उभारला, दुर्बिणी लावल्या आणि लोकांना सांगितलं, या आणि बघा. त्या एका उन्हाळ्यात सुमारे १४,००० माणसं येऊन गेली. तीन पिल्लं उडाली. ज्या घरट्याकडे एवढ्यांचं लक्ष आहे, तिथे चोरपावलांनी येणं अवघड होतं, हे वॉटरस्टन यांनी ओळखलं होतं. आज वेल्समधल्या घरट्यातलं पिल्लू पुण्यात किंवा साताऱ्यात बसून मोबाइलवर बघता येतं, त्याची सुरुवात या निर्णयात आहे.

आता ब्रिटनमध्ये ऑस्प्रेच्या काहीशे जोड्या घरटी करतात, त्यातल्या बहुतेक स्कॉटलंडमध्ये. इंग्लंडमध्ये पक्षी पुन्हा आणण्यासाठी १९९६ ते २००१ या काळात स्कॉटलंडमधून ६४ पिल्लं रटलंड वॉटर या मोठ्या जलाशयावर नेऊन सोडली. एकाहून जास्त पिल्लं असलेल्या घरट्यातूनच एखादं उचलायचं, असा त्यात नियम होता. या कामामागे रॉय डेनिस हे पक्षितज्ज्ञ होते. ऑस्प्रेचा नर जिथून पहिल्यांदा उडतो, त्या मुलखात घर करायला परततो, या स्वभावावर सगळी भिस्त होती. २००१ मध्ये रटलंडला पहिलं पिल्लू जन्मलं. रटलंडला सोडलेला एक नर आणखी पश्चिमेला सरकला आणि २००४ मध्ये त्याने उत्तर वेल्समध्ये, पोर्थमॅडॉगजवळच्या ग्लास्लिन खोऱ्यात घरटं बांधलं. ते वाऱ्याने कोसळलं आणि दोन्ही पिल्लं मेली. मग माणसांनी त्याच झाडाच्या शेंड्यावर भक्कम आधार बसवला आणि पुढच्या वर्षी पिल्लं उडाली.

अशा घरट्यांवर आता कॅमेरे आहेत: रटलंडच्या मँटन बे इथे, ग्लास्लिनला, मध्य वेल्समध्ये डवी नदीकाठी, स्कॉटलंडमध्ये लॉख ऑफ द लोव्स आणि लॉख आर्केगला, दक्षिणेला पूल हार्बरला. कॅमेरा बसवायचा, पुसायचा, दुरुस्त करायचा तो मार्चअखेरच्या आत, पक्षी आफ्रिकेतून यायच्या आधी. १९८१ च्या वन्यजीव कायद्याने घरट्यावरच्या ऑस्प्रेला त्रास देणं हा गुन्हा आहे, त्यामुळे एकदा जोडी बसली की बंद पडलेला कॅमेरासुद्धा सहसा तसाच ठेवावा लागतो. रात्री इन्फ्रारेड प्रकाशात चित्र दिसतं. पक्ष्यांना त्या उजेडाचा पत्ता लागत नाही.

एप्रिलमध्ये मादी दोन-तीन दिवसांच्या अंतराने तीन अंडी घालते, क्वचित चार. दुधाळ रंगावर गडद विटकरी डाग. (याच डागांपायी शंभर वर्षं चोऱ्या झाल्या.) पहिलं अंडं पडलं की उबवणं सुरू होतं, आणि पुढे पिल्लांच्या नशिबात जे घडतं त्याचं मूळ इथे आहे. साधारण ३७ दिवसांनी पहिलं पिल्लू बाहेर येतं तेव्हा तिसरं अजून अंड्यात असतं. मासे मुबलक असतील तर ही चार-पाच दिवसांची तफावत महिन्याभरात भरून निघते. टंचाई असेल तर मोठं पिल्लू धाकट्याला टोचून टोचून मागे हटवतं, आणि आईसुद्धा जी चोच पुढे येईल तिलाच घास देते.

मे महिन्यात आपल्याकडे सकाळचे दहा वाजतात तेव्हा वेल्समध्ये नुकतंच उजाडलेलं असतं. नर मासा घेऊन येतो. माशाचं डोकं त्याने बहुतेक वेळा वाटेतच खाल्लेलं असतं. मादी त्याच्या पंजातून मासा ओढून घेते, स्वतःच्या पायाखाली दाबून धरते आणि नखाएवढा लचका तोडते. मग मान तिरकी करून तो चोचीच्या अगदी टोकावर धरते. समोर पन्नास-साठ ग्रॅमचा जीव, अंगावर मातकट लव, पाठीवर एक फिकट पट्टा, डोळ्यांवरून गेलेली काळी रेघ. मान स्थिर राहत नाही. तो लचक्याकडे झेप घेतो आणि चुकतो, आईच्या छातीवर आपटतो, पुन्हा मान वर करतो. आई हलत नाही. तिसऱ्या किंवा चौथ्या खेपेला घास लागतो. जिच्या चोचीने कातडं फाटतं आणि जिच्या नखांतून ओला मासा निसटत नाही, ती अर्धा-अर्धा तास अशी ताटकळत उभी राहते, हे इतक्या जवळून कॅमेऱ्यांच्या आधी फार थोड्या माणसांनी पाहिलं असेल. पिल्लांमधून फिरताना ती पंजांची मूठ वळते, कुणाला नख लागू नये म्हणून.

दुसऱ्या आठवड्यात पिल्लं कुरूप होतात, दुसरा शब्द नाही. पहिली लव जाऊन काळपट, दाट लव येते, मान लांबते, आणि घरट्यात पहुडलेली पिल्लं एखाद्या सरपटणाऱ्या प्राण्यासारखी दिसू लागतात. तिसऱ्या आठवड्यात डोक्यावर आणि मानेवर तांबूस पिसं फुटतात. पोटभर खाल्लं की गळ्याखालची पिशवी लिंबाएवढी फुगते. रात्रीचा पाऊस हे पिल्लू काढेल की नाही, हे नेहमीचे प्रेक्षक त्या पिशवीवरून ताडतात. शी करायची झाली की अगदी चिमुकलं पिल्लूही मागे मागे सरकत काठाशी जातं, शेपूट उचलतं आणि पिचकारी घरट्याबाहेर मारतं. कधीकधी ती थेट कॅमेऱ्याच्या काचेवर बसते आणि पुढचा पाऊस येईपर्यंत जगभरचे लोक त्या डागाआडून घरटं बघतात. चौथ्या आठवड्यात पंखांची मोठी पिसं आवरणातून बाहेर पडतात. पाठीवरच्या प्रत्येक पिसाला फिकट कडा असते, त्यामुळे पुरं वाढलेलं पिल्लूही आईबापांहून वेगळं ओळखू येतं. डोळे अजून नारिंगी. पिवळे व्हायला बराच अवकाश असतो.

नराचं काम पडद्यावर फारसं दिसत नाही, पण सगळं घर त्याच्यावर चाललेलं असतं. मादी पिल्लांना सोडून लांब जात नाही, म्हणून तिचं आणि पिल्लांचं पोट त्यानेच भरायचं. दिवसाला चार-पाच मासे, कधी जास्त. पाण्यावर घिरट्या घालत तो वरून झेपावतो आणि पाय पुढे काढून पाण्यात शिरतो. ऑस्प्रेच्या पंजाचं बाहेरचं बोट मागे वळतं, त्यामुळे दोन बोटं पुढून आणि दोन मागून माशाला धरतात. तळव्यावर काटेरी खवले असतात. बुडी घेताना नाकपुड्या बंद होतात. मासा उचलला की तो डोकं पुढे करून लांबट धरतो, म्हणजे वारा अडत नाही. पण गढूळ पाण्यात मासा दिसत नाही आणि वादळात नीट उडता येत नाही. म्हणून सलग तीन दिवस पाऊस पडला की घरट्यात मृत्यू येतो.

जून २०१२ मध्ये वेल्सला अतोनात पावसाने झोडपलं. डवीच्या घरट्यात तीन पिल्लं होती. मादी पंख पसरून त्यांच्यावर बसली होती, नराला मासे मिळत नव्हते. लोक बघत असताना दोन पिल्लं मेली. तिसरं इतकं खंगलं होतं की मान उचलत नव्हतं. तेव्हा तिथल्या ऑस्प्रे प्रकल्पाच्या माणसांनी घरट्यापर्यंत चढून त्याला मासा भरवला आणि परत आईखाली ठेवलं. ते पिल्लू, केयलान, वाचलं आणि उडालं.

हे बरोबर झालं का, यावर पक्षिप्रेमींमध्ये तेव्हाही दोन तट होते आणि आजही आहेत. एक बाजू म्हणते की वन्य पक्ष्याचं जगणं-मरणं त्याच्यावर सोडावं. आज एकाला भरवलं तर उद्या कुणाकुणाला भरवणार? दुसरी म्हणते, ज्या जातीला माणसानेच संपवलं तिची जोडी-दोन जोडी कशीबशी परतली असताना हात बांधून बसणं हेही माणसानेच ठरवलेलं असतं. मला दुसरी बाजू पटते, पण एका अटीवर: पक्षी थोडे आहेत तोवरच. मे २०२१ मध्ये ग्लास्लिनला याचीच पुढची परीक्षा झाली. घुसखोर पक्ष्याशी झुंजताना तिथल्या आरान या नराची उडण्याची मोठी पिसं गेली आणि त्याला मासेमारी जमेना. नुकती बाहेर आलेली तिन्ही पिल्लं काही दिवसांत दगावली. प्रकल्पाने मोठ्या पक्ष्यांसाठी मासे ठेवले, म्हणजे निदान जोडी तगावी. ती तगली, आणि पुढच्या हंगामात त्याच जोडीने पिल्लं वाढवली. आरानच्या जोडीदारणीला सगळे मिसेस जी म्हणत. २००४ च्या त्या कोसळलेल्या घरट्यापासून ती ग्लास्लिनला येत होती.

कॅमेरा नसता तर अशा गोष्टींतली निम्मी कुणाला समजलीच नसती. २०१८ मध्ये लॉख आर्केगच्या घरट्यातली अंडी रातोरात गेली, तेव्हा पूर्वीसारखा चोरावर संशय घेण्याचं कारण उरलं नाही. पाइन मार्टिन हा मुंगुसासारखा लांबट प्राणी झाडावर चढून अंडी फस्त करताना चित्रात स्पष्ट दिसला. पूल हार्बरला २०२२ मध्ये दोन पिल्लं जन्मली, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर जवळपास दोनशे वर्षांनी. त्यांतलं एक उडायला लागल्यावर थोड्याच दिवसांत गॉसहॉक या शिकारी पक्ष्याने मारलं. आणि ३० एप्रिल २०२१ च्या रात्री उत्तर वेल्समधल्या ब्रेनिग तलावातलं घरट्याचं मचाण कुणीतरी यांत्रिक करवतीने कापून पाडलं, तेही घरट्यात पहिलं अंडं पडल्यानंतर. तो अपराध किती वाजता घडला हे कॅमेऱ्यामुळे मिनिटापर्यंत कळलं आणि दुसऱ्या दिवशी देशभर संतापाची लाट उसळली. वॉटरस्टन यांचा उपाय प्रत्येक वेळी घरटं वाचवतोच असं नाही, पण गुन्हा झाकून ठेवणं त्याने अशक्य केलं आहे.

लोकांचा जीव या पक्ष्यांत किती गुंततो, याचं उदाहरण लॉख ऑफ द लोव्सची ‘लेडी’. ही मादी २४ वर्षं तिथे येत राहिली, ७१ अंडी घातली आणि तिची ५० पिल्लं उडाली. जून २०१० मध्ये ती घरट्यातच अंग टाकून पडली, डोळे मिटू लागले, आणि ती आता जाणार असं धरून देशोदेशीचे लोक रात्रभर पडद्यासमोर बसून राहिले. काही दिवसांत ती उठली, माशाला तोंड लावलं आणि त्या हंगामाची पिल्लं वाढवून आफ्रिकेकडे निघून गेली. २०२० च्या टाळेबंदीत लॉख आर्केगच्या तीन पिल्लांची नावं लोकांच्या मतदानाने ठरली: डॉडी, व्हेरा आणि कॅप्टन. व्हेरा हे युद्धकाळातल्या गायिका व्हेरा लिन यांच्यावरून, तर कॅप्टन हे टाळेबंदीत आपल्या बागेत फेऱ्या मारून आरोग्यसेवेसाठी पैसे उभे करणाऱ्या म्हाताऱ्या कॅप्टन टॉम मूर यांच्यावरून. डवीच्या पिल्लांना मात्र वेल्समधल्या नद्यांची आणि तळ्यांची नावं देतात, आणि मला हीच रीत जास्त आवडते: एनियॉन, डुलास, लेरी, क्लाराख. नाव घेतलं की पिल्लू कुठल्या मुलखाचं ते समजतं.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात पिल्लांच्या पायात कडी घालतात. त्याआधी पाय पुरता जाड झालेला नसतो आणि त्यानंतर पिल्लू घाबरून घरट्याबाहेर उडी मारायचा धोका असतो, म्हणून हे थोडकेच दिवस. परवानाधारक माणूस वर चढतो. आई आभाळात घिरट्या घालत ओरडते आणि तिची हाक ऐकताच पिल्लं घरट्यात सपाट पडून मेल्याचं सोंग घेतात, डोळेही हलवत नाहीत. त्यांना पिशवीतून खाली आणतात, वजन करतात, पंखाची लांबी मोजतात. जड असेल तर बहुधा मादी. एका पायात धातूचं कडं, दुसऱ्यात लांबूनही वाचता येईल असं निळं. निळं कडं डाव्या पायात असेल तर पक्षी स्कॉटलंडचा, उजव्या पायात असेल तर इंग्लंड किंवा वेल्सचा. मग पुन्हा वर. आई काही वेळात घरट्यात परतते.

सातव्या आठवड्यात काठावर उभं राहून पंख मारणं सुरू होतं. वारा चांगला असला की पाय क्षणभर सुटतात, मग हातभर, मग पुरुषभर उंच. साधारण ५३ व्या दिवशी पिल्लू उतरायच्या ऐवजी पुढे जातं. परतणं त्याहून अवघड: पहिल्यांदा उतरणारं पिल्लू भावंडांच्या अंगावर आदळतं किंवा घरटं ओलांडून पुढच्या झाडावर लटकतं. महिनाभर ती बापाने आणलेला मासा खायला घरट्यावरच येतात. मासा कसा पकडायचा हे त्यांना कुणी शिकवत नाही.

ऑगस्टमध्ये आधी आई निघून जाते. मग एकेक पिल्लू, एकटं. बाप बहुधा शेवटी. फ्रान्स, स्पेन, मोरोक्को, सहारा ओलांडून सेनेगल, गॅम्बिया, गिनी-बिसाऊचे किनारे. सुमारे पाच हजार किलोमीटर, वाट दाखवायला कुणी नाही. बरीचशी पिल्लं या पहिल्या प्रवासातच संपतात. जी पोचतात ती पुढचा उन्हाळाही तिथेच काढतात आणि दोन-तीन वर्षांची झाली की उत्तरेला वळतात. त्या वेळी कॅमेऱ्यासमोर अनोळखी पक्षी उतरला की सगळ्यांची नजर आधी पायाकडे जाते. डवीची क्लाराख २०१३ ची. ती जगली, परतली आणि तिने स्कॉटलंडमध्ये घर केलं. हे तिच्या कड्यावरून कळलं.

महाराष्ट्रातही ऑस्प्रे हिवाळ्यात येतात. उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणला, कोकणातल्या खाड्यांवर पाण्यातल्या एखाद्या वाळक्या खुंटावर बसलेला, पांढऱ्या पोटाचा, डोळ्यांवरून काळी पट्टी गेलेला पक्षी पाहिला असेल तर तो हाच. ते पक्षी ब्रिटनचे नसतात, आशियाच्या उत्तर भागातून आलेले असतात, आणि इथे ते घरटी करत नाहीत. त्यांची पिल्लं आपल्याला बघायची तर ती पडद्यावरच.

कुणाला नव्याने सुरुवात करायची असेल तर मे महिन्याचा दुसरा-तिसरा आठवडा धरावा. मँटन बेच्या घरट्यातली माया ही मादी आणि ३३(११) असं कड्यावरचंच नाव असलेला तिचा जोडीदार, या जोडीने २०१९ मध्ये चार पिल्लं एकदम वाढवली होती. सकाळी दहाच्या सुमारास, चहा झाल्यावर, पहिला मासा येण्याची वाट बघावी. मासा आला की आधी सर्वांत धाकटं पिल्लू शोधावं आणि त्याला घास मिळतो का ते पाहावं. एका घरट्याला धरून राहावं, सगळीकडे डोकावू नये. आणि सलग दोन दिवस तिथे पाऊस असेल तर लहान मुलांना शेजारी बसवण्याआधी एकदा एकट्याने बघून घ्यावं.